जुन्या पुण्यातील विद्यार्थी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पुण्याच्या पेठांमध्ये विद्यार्थ्यांचा गट घेऊन येऊ इच्छिणारे शिक्षक आणि पालक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे प्रामुख्याने पाचवी ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

एका दिवसात किती ठिकाणे पाहावीत?

पाच, फार तर सात. सहलीच्या पत्रकात दहा-बारा नावे असली की पालकांचे समाधान होते, परंतु अशा सहलीत मुलांचा बहुतेक वेळ बसमध्ये चढण्या-उतरण्यात आणि हजेरी घेण्यात जातो. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सिंहगड आणि पर्वती ही सगळी ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा बेत अनेक शाळा आखतात. संध्याकाळी मुलांना विचारले, तर एका वास्तूतील गोष्ट दुसरीत मिसळलेली आढळते. त्यापेक्षा कसबा पेठेपासून गंज पेठेपर्यंतचा चार-पाच किलोमीटरचा पट्टा पायी पाहावा. त्या एवढ्याशा अंतरात आठव्या-नवव्या शतकाएवढे जुने काही नसले, तरी सतराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचे पुणे सलग पाहता येते, आणि एका काळातून दुसऱ्या काळात आपण कोणत्या वळणावर आलो हे मुलांना पायांनी कळते.

या वास्तूंना जोडणारे एखादे सूत्र आहे का, की प्रत्येक ठिकाणी नवीन गोष्ट सांगावी लागते?

सूत्र ठरवूनच निघावे, असे आमचे ठाम मत आहे, आणि आम्हाला सर्वांत समाधानकारक वाटलेले सूत्र म्हणजे पाणी.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी ओढ्याचे पाणी अडवून तलाव बांधण्यात आला आणि तेथून जमिनीखालच्या बांधीव नळाने ते पाणी शहरात आणले गेले. त्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात, एवढ्या उताराच्या बळावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोहोचत असे. वाटेत ठरावीक अंतरांवर उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून नळातील कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येत असे. पेठांमध्ये हे पाणी हौदांत सोडले जाई आणि नागरिक ते तेथून भरून नेत. बदामी हौद, काळा हौद, साततोटी ही पुण्यातली ठिकाणांची नावे त्याच व्यवस्थेची आहेत. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही ती सहज तोंडी येतात.

आता हाच धागा धरून पुढे चालावे. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे याच पाण्यावर उडत असे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे सवाई माधवरावांसाठी उभारले होते. आणि सहलीच्या शेवटी गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यात आपण पोहोचतो, तेव्हा मुलांना सांगता येते की सार्वजनिक पाणवठ्यांवर ज्यांना पाणी भरू दिले जात नव्हते, त्या अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी जोतिरावांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद खुला केला. पाणी शहरात आले कसे, हा पहिला प्रश्न. ते कोणाला मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, हा दुसरा. सातवी-आठवीतील मुले या दुसऱ्या प्रश्नावर विलक्षण गंभीरपणे बोलतात. त्यांना बोलू द्यावे आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

सहलीचा क्रम कसा ठेवावा?

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास कसबा गणपतीपासून सुरुवात करावी. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ आणि हा गणपती पुण्याचे ग्रामदैवत. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने 1630 च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले होते. त्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीतील हे गाव जिजाबाई आणि बाल शिवाजीराजांच्या वास्तव्यात पुन्हा वसले. ही पार्श्वभूमी देवळासमोर उभे राहून सांगितली, की शहराची सुरुवात कोठून झाली हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

तेथून लाल महाल आणि शनिवारवाडा अगदी जवळ आहेत. शनिवारवाडा पाहून झाल्यावर पुन्हा कसब्यात येऊन तांबट आळी आणि पुढे नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती पाहावा. जेवणानंतर बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा, तुळशीबाग, महात्मा फुले मंडई आणि शेवटी फुले वाडा असा क्रम सोयीचा पडतो. लहान वर्गांसाठी जेवणापूर्वीचा भाग पुरेसा आहे. दोन्ही भाग एकाच दिवशी करायचे असतील, तर तांबट आळी किंवा त्रिशुंड गणपती आणि तुळशीबाग किंवा विश्रामबागवाडा यांपैकी एकेकच निवडावे.

शनिवारवाड्यात तर आता फक्त जोते आणि भिंती उरल्या आहेत. मुलांना तेथे काय दाखवावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि त्यामागची निराशा समजण्यासारखी आहे. चित्रपटांत पाहिलेला झगमगता महाल मनात घेऊन मुले येतात आणि समोर हिरवळ दिसते. म्हणून आत जाण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे की येथे आपण महाल पाहायला नव्हे, तर महालाच्या खुणा वाचायला आलो आहोत.

थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी वाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. सुरुवातीचा खर्च 16,110 रुपये नोंदलेला आहे. पुढच्या पेशव्यांनी त्यात चौक, दिवाणखाने, कारंजी यांची भर घातली. 17 नोव्हेंबर 1817 रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि 1828 मध्ये लागलेल्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा असल्यामुळे तो टिकला, आतला सागवानी डोलारा मात्र राहिला नाही.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिल्ली दरवाजापाशी किमान वीस मिनिटे थांबावे. दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. मुलांना ते मोजायला सांगावे आणि खिळे अगदी खालपासून का नाहीत, हा प्रश्न विचारून स्वतः गप्प बसावे. उत्तर त्यांच्यापैकीच कोणीतरी देते. एका फळीत माणूस जेमतेम वाकून जाईल एवढी दिंडी आहे. आत शिरल्यावर वाट सरळ न जाता काटकोनात वळते, त्यामुळे दरवाजा फोडून आलेल्या शत्रूचा वेग तेथेच मोडत असे. त्यानंतर जिना चढून नगारखान्यावर जावे. तेथून एका बाजूला जोत्यांचा सगळा आराखडा नकाशासारखा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला पटांगण आणि त्यापलीकडे वाहता रस्ता दिसतो. वहीत जोत्यांचे ढोबळ चित्र काढण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि नारायण दरवाजा हे उरलेले चार दरवाजे वेळ असल्यास तटाच्या कडेने फिरून पाहावेत.

मुले शनिवारवाड्यातील भुताच्या गोष्टी विचारतात. काय सांगावे?

खरी घटना सांगावी. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, तरुण नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी, म्हणजे पदरच्या भाडोत्री सैनिकांनी, याच वाड्यात खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून नारायणरावांचे काका, प्रत्यक्ष रघुनाथरावांना दोषी ठरवले. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश अठराव्या शतकात पुण्यात होऊन गेला, ही गोष्ट कोणत्याही किंकाळीपेक्षा मुलांना जास्त धरून ठेवते. पौर्णिमेच्या रात्री हाका ऐकू येतात वगैरे ऐकीव मजकूर शिक्षकांनी आपल्या तोंडून सांगू नये. मुलांनी विचारल्यास ती लोककथा आहे, एवढे सांगून पुढे जावे.

लाल महालाची वास्तू शिवकालीन आहे का?

नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये. मूळ लाल महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. आजची वास्तू पुणे महानगरपालिकेने मूळ जागेच्या परिसरात स्मारक म्हणून उभारली आहे. तिचे बांधकाम 1988 मध्ये पूर्ण झाले. चौथीच्या मुलांनी शिवचरित्र नुकतेच वाचलेले असते, त्यामुळे 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर घातलेला छापा त्यांना तोंडपाठ असतो. त्यांना येथे प्रसंग सांगायला लावावा. मोठ्या मुलांना मात्र जुनी वास्तू, पुन्हा उभारलेली वास्तू आणि केवळ जागा यांतील भेद दाखवावा. कसबा गणपती, लाल महाल आणि भिडे वाड्याची जागा ही तीन उदाहरणे त्यासाठी पुरेशी आहेत.

भिडे वाडा पाहता येईल का?

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीजवळील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा अत्यंत जीर्ण झाला होता आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर 2023 मध्ये तो पाडून तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यामुळे जुनी वास्तू आता दिसणार नाही. तरीही मुलींच्या शाळेचा गट असेल, तर या जागेपाशी दोन मिनिटे तरी थांबावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. रस्त्यावर गर्दी असते, म्हणून माहिती आधीच वर्गात सांगून ठेवावी.

तांबट आळीत मुलांनी काय पाहावे? ती तर राहती वस्ती आहे.

म्हणूनच ती पाहावी. पेशवाईत कोकणातून येऊन येथे वसलेल्या तांबट कारागिरांच्या हातची घागर, बंब, तपेली एके काळी घरोघरी असत. आज काम करणारी कुटुंबे थोडी उरली आहेत, पण सकाळी गल्लीत शिरले की ठोक्यांचा आवाज आधी येतो आणि दुकान नंतर दिसते. मठारकाम करताना कारागीर भांडे लोखंडी खुंट्यावर फिरवत त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके घालत जातो. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या कडेला बसतो आणि तांब्यावर चमकत्या खळग्यांच्या रांगा उमटतात. हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात, त्यांनी पत्रा घट्ट आणि मजबूत होतो. मोठ्या मुलांना येथे धातूच्या गुणधर्मांविषयीचा विज्ञानाचा धडा आठवतो.

मात्र पन्नास मुलांचा घोळका कोणाच्या दारात नेऊन उभा करू नये. आदल्या आठवड्यात शिक्षकांनी स्वतः जाऊन कारागिरांना विचारावे, दहा-बारा जणांचे गट करावेत आणि परवानगीशिवाय छायाचित्रे काढू देऊ नयेत. त्यांच्या कामाचा वेळ आपण घेतो आहोत, याची जाणीव ठेवून शाळेने एखादी छोटी वस्तू विकत घेतली, तर ते अधिक शोभते.

त्रिशुंड गणपती मंदिर इतके वेगळे का मानले जाते?

पुण्यातील बहुतेक पेशवेकालीन मंदिरे बाहेरून साधी आहेत. सोमवार पेठेतील या मंदिराचा दर्शनी भाग मात्र काळ्या पाषाणातील कोरीव कामाने भरलेला आहे. 1754 मध्ये भीमगिरजी गोसावी यांनी त्याचे काम सुरू केले आणि 1770 मध्ये मूर्तीची स्थापना झाली. मूर्तीला तीन सोंडा आणि सहा हात असून ती मोरावर बसलेली आहे. गर्भगृहाच्या भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत.

दर्शनी भिंतीवरील एक शिल्प मुलांना स्वतः शोधू द्यावे. त्यात साखळीने बांधलेला गेंडा आहे आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई आहेत. 1757 च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगाल इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्या घटनेचे हे प्रतीक असावे, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. पुण्यावर इंग्रजांचे निशाण लागण्याच्या सुमारे अर्धशतक आधी पुण्यातल्याच एका पाथरवटाने हे दृश्य दगडात कोरून ठेवले, हे लक्षात आल्यावर मुले त्या भिंतीपासून हलत नाहीत.

विश्रामबागवाडा आणि मंडई यांत विद्यार्थ्यांच्या दृष्टीने काय आहे?

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी 1807 मध्ये बांधला. पेशवाईतील लाकडी कोरीव काम पाहण्यासाठी शहरात आज हेच ठिकाण सर्वांत सोयीचे आहे. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, केळफुलांच्या आकाराची खांबांवरील नक्षी, रस्त्यावर झुकलेला सज्जा आणि आतील चौक या चार गोष्टी दाखवल्या, की शनिवारवाड्यात जळून गेलेले नेमके काय असावे याची कल्पना येते. पेशवाई संपल्यावर 1821 मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. 1879 मध्ये लागलेल्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला होता.

मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत 1886 मध्ये खुली झाली, तेव्हा तिला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट म्हणत. या इमारतीवरील खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिराव फुले यांनी विरोध केला होता, आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. मंडईतील गाळे उंच ओट्यांवर आहेत आणि विक्रेते भाजीच्या ढिगाच्या वर बसलेले असतात. मुलांना दहा मिनिटे देऊन भाव विचारून यायला सांगितले, तर त्यांना ते फार आवडते.

जुने वाडे इतके कमी का उरले?

यामागे एकच कारण नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य मातीविटांची घरे आणि वाडे वाहून नेले. ज्यांच्या घरी आजी-आजोबा पुण्यातले आहेत, त्या मुलांनी घरी जाऊन या पुराविषयी अवश्य विचारावे. जे वाडे पुरातून वाचले, त्यांच्यापुढे दुसऱ्या अडचणी उभ्या राहिल्या. भाडे नाममात्र गोठलेले, त्यामुळे मालकाला डागडुजी परवडत नसे. वारस अनेक, त्यामुळे एकमत होत नसे. आणि मध्यवर्ती जागेचे भाव वाढत गेल्यावर पाडून इमारत बांधणे सर्वांच्या सोयीचे ठरले. भाडेकरू आणि मालक या दोघांच्याही बाजू आहेत, म्हणून मुलांसमोर कोणाला खलनायक ठरवू नये.

सहलीसाठी कोणते महिने योग्य आहेत?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घासून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या निसरड्या होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पायी फिरणे लहान मुलांच्या प्रकृतीला झेपत नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आणि दिवाळीपूर्वीच्या खरेदीच्या काळात मोठा गट घेऊन पेठांत येऊ नये.

बस कोठपर्यंत नेता येते?

शनिवारवाड्याच्या परिसरात मुलांना उतरवून बस बाहेर पाठवावी. पेठांतील रस्ते अरुंद आणि बरेचसे एकेरी आहेत. बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्या गटांसाठी आता मेट्रो अतिशय सोयीची झाली आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके थेट या मार्गावर आली आहेत. कसबा पेठ स्थानकात उतरून मंडई स्थानकातून परत जाता येते, म्हणजे आलेल्या वाटेने पुन्हा चालावे लागत नाही. गंज पेठेतून मंडईपर्यंत परतताना मुले थकलेली असतात, ते अंतर हिशेबात धरावे.

परवानग्या आणि शुल्क यांबाबत काय करावे?

शालेय सहलीसाठी शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतीपत्र घ्यावे. मुलींच्या गटाबरोबर शिक्षिका असणे आवश्यक आहे. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत असून तेथे 15 वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क लागत नाही. त्यासाठी मुलांची शाळेची ओळखपत्रे बरोबर असावीत. देवळांमध्ये शुल्क नाही. ड्रोन किंवा तिपाई वापरून चित्रीकरण करायचे असेल, तर त्याची वेगळी परवानगी लागते.

स्वच्छतागृहांची सोय असते का?

पेठांतून चालताना ही खरी अडचण आहे, आणि मुलींच्या बाबतीत ती अधिक गंभीर होते. अनेक मुली त्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारनंतर त्यांना चक्कर येते. म्हणून शिक्षिकांनी आधी एकदा संपूर्ण मार्ग चालून वापरण्याजोगी स्वच्छतागृहे कोठे आहेत ते पाहून ठेवावे, दर दीड-दोन तासांनी थांबा ठेवावा आणि तो थांबा मुलींना सकाळीच सांगून टाकावा. सॅनिटरी पॅड आणि कागदी पिशव्या शिक्षिकेच्या पिशवीत असाव्यात.

चालण्यास अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना आणता येईल का?

अवश्य आणावे. शनिवारवाड्याचा नगारखाना आणि तट जिन्याशिवाय गाठता येत नाहीत, परंतु आतील जोत्यांच्या भोवतीच्या वाटा बऱ्याच सपाट आहेत. नगारखान्यावरून दिसणाऱ्या दृश्याचे छायाचित्र आधी छापून आणले, तर खाली थांबलेला विद्यार्थी त्यावरून उरलेल्या गटाला जोत्यांची ओळख करून देण्याचे काम घेऊ शकतो. अशा वेळी पायी अंतर कमी करून दोन ठिकाणांमध्ये रिक्षा करावी, आणि त्या रिक्षात त्याच्याबरोबर एक-दोन मित्रही बसवावेत.

मुलांकडून कोणते लेखन करून घ्यावे?

‘मी केलेली सहल’ या विषयावरचा निबंध नको. तो बहुधा बसमधल्या गाण्यांपासून सुरू होऊन डब्यावर संपतो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच वस्तू द्यावी: दिल्ली दरवाजाचा खिळा, विश्रामबागवाड्याचा खांब, त्रिशुंड मंदिरातील गेंडा, तांबट आळीतील हातोडी, फुले वाड्यातील हौद. तिचे चित्र, ती कशाची बनली आहे, कोणी आणि कशासाठी केली असावी, आणि आता तिची अवस्था काय आहे, एवढे एका पानावर लिहायला सांगावे. वर्गाची पाने एकत्र बांधली की शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याजोगी वही तयार होते आणि पुढच्या वर्षीचा वर्ग सहलीला निघण्यापूर्वी तीच वाचतो.

मुक्काम असल्यास दुसऱ्या दिवशी काय जोडावे?

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे. डॉ. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे अशा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह आहे आणि आदल्या दिवशी पाहिलेल्या रिकाम्या वाड्यांत काय काय असे, याचे उत्तर तेथे मिळते. पाताळेश्वर हे एकाच खडकात कोरलेले राष्ट्रकूट काळातील शिवमंदिर असून समोरचा गोलाकार नंदीमंडप आवर्जून पाहावा. संग्रहालयासाठी सकाळचे अडीच तास ठेवावेत आणि लेणे दुपारच्या जेवणानंतर पाहावे, कारण तेथे सावली आणि गारवा असतो.